भुकेचा हिशेब मांडणारे प्राध्यापक



अकोल्याच्या एका ताईंचे पत्र आले आहे. त्यांची मुलगी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि पुढे संख्याशास्त्र, म्हणजे स्टॅटिस्टिक्स घेऊन एम.एस्सी. करायचे असा तिचा हट्ट आहे. ताई लिहितात, "पोरगी डॉक्टर झाली असती तर चार गरिबांना औषध तरी दिले असते. आकड्यांची बेरीज-वजाबाकी करून कोणाचे पोट भरणार?" प्रश्न सरळ आहे आणि रास्तही आहे. आम्ही स्वतः बी.कॉम. नोकरी कारकुनीची. खतावण्या, मस्टर आणि रजिस्टरे यांच्यात वीस वर्षे गेली. आकड्यांशी आमची ओळख जुनी आहे, पण ती आकडे उतरवून घेण्यापुरती. आकडा कोठून आला, तो खरा कशावरून आणि तो कोणाच्या बाजूने बोलतो, हे विचारणारे शास्त्र वेगळे. त्या शास्त्रात जगभर नाव मिळवणारे आणि ते नाव भुकेच्या प्रश्नावर मिळवणारे एक मराठी प्राध्यापक होऊन गेले. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. त्यांच्या कामाचा पहिला धागा आपल्या अकोला जिल्ह्याच्या कापसापर्यंत पोचतो, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे.

सुखात्मे यांचा जन्म २७ जुलै १९११ चा, सातारा जिल्ह्यातील बुध या गावचा. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून १९३२ साली गणित घेऊन ते पदवीधर झाले आणि लंडनला युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले. तेथे नेमन आणि इगॉन पिअर्सन हे त्या काळचे मोठे संख्याशास्त्रज्ञ शिकवीत होते. १९३६ साली पीएच.डी. आणि १९३९ साली डी.एस्सी. मिळाली. त्यांच्या अभ्यासाचा विषय होता नमुना पाहणी. आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, तेच हे. पण शीत कोणते उचलायचे? वरचे उचलले तर तळाचा करपलेला भात कळणारच नाही. वाढणाऱ्याने आपल्या मर्जीने उचलले तर तो बरे शिजलेलेच दाखवील. किती शिते उचलली म्हणजे हंडीभर भाताविषयी खात्रीने बोलता येईल, आणि ती खात्री किती, याचे गणित सुखात्मे शिकून आले.

परत आल्यावर पहिली नेमणूक कलकत्त्याला झाली. तेथील अखिल भारतीय आरोग्य व सार्वजनिक स्वास्थ्य संस्थेत ते संख्याशास्त्राचे प्राध्यापक झाले. रोग, जन्म, मृत्यू आणि आहार यांच्या आकड्यांचे शास्त्र ते हेच. आज त्याला जैवसंख्याशास्त्र किंवा बायोस्टॅटिस्टिक्स म्हणतात. परंतु वर्षभरातच, १९४० साली, ते दिल्लीच्या शेती संशोधन परिषदेत गेले आणि पुढची दहा-अकरा वर्षे शेतीच्या आकड्यांत रमले.

शेतीच्या आकड्यांची त्या वेळची स्थिती काय होती, हे वऱ्हाडच्या माणसाला सांगावे लागत नाही. आणेवारी! सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक. पटवारी बांधावर उभा राहणार, नजर फिरवणार, आणि यंदा पीक इतके आणे असे लिहून मोकळा होणार. ती नजर कधी पाटलाच्या ओट्यावरून फिरायची, कधी गावात न येताच. त्यावर जिल्ह्याचा आकडा, त्यावर प्रांताचा, त्यावर देशाचा. १९४३ साली बंगालात लाखो माणसे दुष्काळात मेली, तेव्हा देशात धान्य नेमके किती आहे हे सरकारला धडपणे ठाऊक नव्हते. आकडा चुकला की माणूस मरतो, हे त्या वर्षी दिसले. (आण्याची जागा पुढे पैशाने घेतली. पैसेवारी पन्नास पैशांच्या आत आली की नाही, यावरून गावोगाव किती मोर्चे निघाले ते वाचकांना आठवत असेल.)

याला पर्याय होता प्रत्यक्ष पीक तोलण्याचा. सगळ्या शेतांतले तोलणे शक्य नाही. म्हणून चिठ्ठ्या टाकाव्यात तशी गावे निवडायची, गावातून तशीच शेते निवडायची, शेतातला ठरावीक मापाचा तुकडाही तसाच आखायचा आणि त्यातले पीक काढून तोलायचे. निवड कोणाच्या मर्जीवर नाही, पटवाऱ्याच्या नाही, पाटलाच्या नाही आणि साहेबाच्याही नाही. कापसाच्या पिकावर या पद्धतीची पहिली मोठी पाहणी १९४२-४३ साली झाली ती आपल्या अकोला जिल्ह्यात. ते काम विनायक गोविंद पानसे यांचे. ते इंदूरच्या संस्थेत कापसावर संशोधन करीत. आपल्या प्रांताच्या शेतीखात्यातले कळमकर त्यांच्यासोबत होते. कापसाचे काम धान्यापेक्षा किचकट. ज्वारी एकदा कापली की झाली. कापसाची वेचणी दोनदा, तीनदा होते, आणि प्रत्येक वेचणीला त्याच आखलेल्या तुकड्यातला कापूस वेगळा तोलावा लागतो. हे तोलण्याचे कष्ट वऱ्हाडात झाले. दिल्लीत सुखात्मे यांनी हीच पद्धत गहू आणि भातासाठी प्रांतोप्रांती उभी केली. पुढे सुखात्मे दिल्ली सोडून गेले तेव्हा त्यांची जागा पानसे यांनीच घेतली, आणि दोघांनी मिळून लिहिलेले शेती-संख्याशास्त्राचे इंग्रजी पुस्तक १९५४ साली निघाले. शेतकी महाविद्यालयांतून ते अनेक पिढ्यांनी अभ्यासले.

आज तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक शेतात दोरी टाकून पीक कापणी प्रयोग करतात, त्यावर मंडळाचे उत्पन्न ठरते आणि त्यावर पीकविम्याचा दावा मंजूर की नामंजूर हे ठरते. त्या दोरीचा इतिहास हा आहे.

येथे सुखात्मे यांचा एक मुद्दा सांगितला पाहिजे. कलकत्त्याचे महालनोबीस हे तेव्हा या शास्त्रातले सर्वांत मोठे नाव. ते अगदी लहान तुकडे कापायला सांगत, कारण त्यात खर्च कमी. सुखात्मे म्हणाले, लहान तुकड्यात पीक खोटेच जास्त दिसते. कसे? दोरीच्या रेषेवर जे झाड येते ते आत धरायचे की बाहेर? कापणाऱ्याचा हात आपसूक ते आत ओढतो. तुकडा मोठा असेल तर कडेची चार झाडे खपून जातात, तुकडा लहान असेल तर तीच चार झाडे हिशेब बिघडवतात. मुरादाबाद जिल्ह्यात गव्हावर प्रयोग करून त्यांनी हे दाखवून दिले. चूक कोणी लबाडीने केलेली नव्हती. ती मापाच्या आकारातच दडलेली होती. रेषा कोठे आखली यावर आकडा हलतो, हे सूत्र त्यांच्या पुढच्या सगळ्या आयुष्यात पुन्हा पुन्हा येते.

१९५१ साली ते रोमला गेले. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचे ते संचालक झाले आणि वीस वर्षे त्या जागेवर राहिले. जगात भुकेले किती, हा प्रश्न त्यांच्या टेबलावर आला. त्या काळी या संघटनेचे पहिले प्रमुख बॉईड ऑर यांचे एक विधान सर्वत्र फिरत होते, की जगातली दोन-तृतीयांश माणसे भुकेली आहेत. सुखात्मे यांनी हिशेब नव्याने मांडला. १९६१ साली लंडनच्या राजसंख्याशास्त्र संस्थेपुढे त्यांनी निबंध वाचला. त्यांचे उत्तर असे होते की ज्यांना पोटभर अन्नच मिळत नाही अशी माणसे शंभरात दहा ते पंधरा, आणि उपाशी किंवा निकस आहारावर जगणारी अशी दोन्ही मिळून जवळजवळ निम्मी. आकडा खाली आला म्हणून काहींना वाईट वाटले, तरीही तो फुगवलेला आहे असे म्हणणारेही निघाले. पण आता 'उपाशी' आणि 'निकस' हे दोन शब्द वेगळे झाले होते. १९६३ साली त्याच संस्थेने त्यांना गाय पदक दिले. १९७१ साली भारत सरकारने पद्मभूषण दिले.

या वेगळेपणातूनच त्यांचे दुसरे मोठे काम निघाले. साठच्या दशकात जगभर बोलबाला होता प्रथिनांचा. गरीब देशांतली मुले प्रथिने कमी पडतात म्हणून खुरटतात असे मत होते. १९६८ साली संयुक्त राष्ट्रांनी प्रथिनांच्या येऊ घातलेल्या संकटावर अहवालच काढला. मग माशांचे पीठ, तेलबियांच्या पेंडीचे पीठ, डब्यातले पौष्टिक खाद्य असे नाना उपाय सुरू झाले. सुखात्मे यांनी भारतातल्या घरोघरच्या आहाराचे आकडे घेऊन दाखवले की ज्वारी-बाजरी, गहू, डाळ खाणाऱ्या माणसाला ते अन्न पोटभर मिळाले तर प्रथिने बहुधा पुरतात. कमी पडते ते अन्नच. पोटात जळण कमी पडले की शरीर प्रथिनेही जाळून टाकते. अशा माणसाला महागडी प्रथिने देणे म्हणजे घरात सरपण नाही म्हणून सागवानी खाट चुलीत घालणे. हैदराबादच्या पोषण संस्थेतले डॉ. गोपालन हेही त्याच सुमारास त्याच निष्कर्षाला आले. पुढे जागतिक तज्ज्ञांनीही प्रथिनांच्या गरजेचे आकडे खाली आणले. आपली भाकरी आणि तुरीचे वरण यांचा मेळ बरा आहे. ज्वारीत जे कमी ते डाळीत असते. फक्त ते वरण ताटात पडले पाहिजे. तुरीच्या डाळीचा भाव पाहता ते दर आठवड्याला किती घरांत पडते, हा प्रश्न आम्ही वाचकांवरच सोपवतो.

आता अवघड भागाकडे येतो. येथे आम्हाला डॉक्टरांचे म्हणणे जसेच्या तसे मान्य करता येत नाही.

निवृत्तीनंतर सुखात्मे पुण्याला आले आणि महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी या संस्थेत काम करू लागले. १९७१ साली पुण्यातच गोखले अर्थशास्त्र संस्थेतून दांडेकर आणि रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. हे दांडेकर म्हणजे ज्यांच्या समितीने १९८४ साली विदर्भाचा अनुशेष मोजला तेच वि. म. दांडेकर. गंमत अशी की तेही साताऱ्याचेच आणि तेही मुळात संख्याशास्त्राचेच. त्यांनी माणशी दिवसाला २२५० उष्मांक ही सरासरी गरज धरली. तेवढे अन्न ज्या खर्चात मिळते त्याखाली जो जगतो तो गरीब. १९६०-६१ सालच्या आकड्यांवरून खेड्यांत शंभरात चाळीस आणि शहरांत शंभरात पन्नास माणसे या रेषेखाली निघाली. दारिद्र्यरेषेचा शब्द घरोघरी गेला तो पुढे, पण त्याचा पाया येथे आहे.

सुखात्मे यांनी हरकत घेतली. ते म्हणाले, २२५० ही सरासरी आहे, आणि सरासरी म्हणजे कोणी एक माणूस नव्हे. चपलेच्या दुकानदाराने गिऱ्हाइकांच्या पायांची सरासरी काढली, ती सात नंबर आली आणि त्याने दुकानात फक्त सात नंबर ठेवला, तर आठ नंबरवाला अनवाणी जाईल आणि सहा नंबरवाल्याची चपल वाटेत गळून पडेल. तसेच एकाच वयाच्या, एकाच कामाच्या दोघांची भूक सारखी नसते. ज्या गावात प्रत्येक जण आपल्या गरजेइतके जेवून तृप्त आहे, तेथेही सरासरीची रेषा ओढली तर निम्मा गाव रेषेखाली दिसेल. मग खरा उपाशी कोण हे कसे ओळखायचे? सुखात्मे म्हणाले, रेषा सरासरीच्या बरीच खाली ओढा. इतकी खाली, की तिच्या आत जो सापडेल तो जवळजवळ खात्रीने उपाशीच असेल. या रेषेने मोजले तर उपाशी माणसांचा आकडा बराच खाली येत होता.

इथवर गणित चोख आहे. पण ही खालची रेषा काय सांगते ते नीट वाचा. ती सांगते की 'निदान इतके तरी नक्कीच उपाशी आहेत.' रेषेच्या वर सगळे तृप्त आहेत असे ती सांगत नाही. ज्याची गरज २७०० आहे आणि ज्याला २२०० मिळतात, तो सुखात्मे यांच्या रेषेच्या वर आहे आणि तरीही उपाशी आहे. आमच्या ऑफिसच्या भाषेत सांगायचे तर ही किमान थकबाकी झाली, एकूण थकबाकी नव्हे. शास्त्रज्ञाने 'निदान इतके' म्हटले आणि ज्यांना हिशेब मिटवायचा होता त्यांनी ते 'फक्त इतकेच' असे वाचले, तर दोष कोणाचा? आम्हाला वाटते, थोडा शास्त्रज्ञाचाही. कारण ते तेथे थांबले नाहीत.

कॅलिफोर्नियातल्या बर्कलीचे डॉ. मार्गेन यांच्यासह त्यांनी पुढचा सिद्धांत मांडला. एकाच माणसाची गरजही रोज सारखी राहत नाही, आणि अन्न कमी मिळाले तर शरीर आपला खर्च आपोआप आवरते, काटकसर शिकते. ठरावीक मर्यादेत ही आपोआप सावरण्याची क्रिया चालते, म्हणून त्या मर्यादेत कमी खाणारा उपाशी धरू नये. १९७८ ते १९८२ च्या दरम्यान त्यांचे हे लेख अमेरिकेच्या नामांकित नियतकालिकात आले. यावर दांडेकर, गोपालन आणि इतर अनेकांनी कडक टीका केली. आमच्यासारख्या अर्ध्या शिकलेल्या माणसालाही एक गोष्ट कळते. हा सिद्धांत कोणाच्या मापांवर उभा होता? बर्कलीच्या प्रयोगगृहात ठेवलेले निरोगी तरुण स्वयंसेवक आणि ब्रिटिश सैन्यातले रंगरूट यांच्या मापांवर. या मुलांचे जेवण आज थोडे कमी, उद्या थोडे जास्त झाले तर आठवड्यात हिशेब जुळतो. पण पोटात सात महिन्यांचे बाळ असताना कपाशीच्या तासात वाकून दिवसभर वेचणी करणाऱ्या, घरी येऊन पाणी भरणाऱ्या आणि सगळ्यांचे झाल्यावर उरलेल्या भाकरीवर निजणाऱ्या बाईचा हिशेब कोणत्या आठवड्यात जुळायचा? ती त्या नमुन्यात नव्हतीच. लंडनमध्ये शीत कसे उचलावे हे शिकलेल्या माणसाने येथे शीत दुसऱ्याच हंडीतून उचलले.

आमच्या वस्तीतल्या एका मावशीला आम्ही एकदा विचारले होते, की मजुरीला जाताना पोटभर खाता का? ती म्हणाली, "पोट भरते भाऊ, पन आंगात ताकद नाही राह्यत. मंग दोन पऱ्हाटीमागं एकदा बसा लागते." शरीराने काटकसर केली ती ही. तिने बसण्यात केली, आणि मजुरी तोलावर असल्याने तेवढी मजुरी बुडाली. डॉ. गोपालन यांचाही आक्षेप याच दिशेचा होता. शरीर तग धरते हे खरे, पण तग धरण्याची किंमत कामातून, वाढीतून आणि पुढच्या पिढीतून चुकती होते. याच काळात सेक्लर नावाच्या एका अमेरिकन अर्थतज्ज्ञाने लहानखुरी पण निरोगी माणसे असा सिद्धांत काढला. खुजे असणे ही गरिबांची सोय आहे म्हणे! सुखात्मे यांनी नेमके तसे म्हटलेले नव्हते, हे न्यायासाठी सांगितले पाहिजे. उलट त्यांचे एक म्हणणे तेव्हा लोकांनी हवे तितके कानावर घेतले नाही. ते म्हणत, गरिबाच्या पोटात गेलेले अन्न हगवणीने आणि जंतांनी वाया जाते, म्हणून नुसते धान्य वाढवून भागणार नाही, स्वच्छ पाणी आणि संडास द्या. पुण्याच्या आसपासच्या खेड्यांत त्यांनी याचा पाठपुरावा केला. ज्या वस्तीत शंभर घरांना एक हापसी आणि तिच्याभोवती चिखल, तेथल्या माणसाला हे म्हणणे पटायला पुस्तक लागत नाही.

२८ जानेवारी १९९७ रोजी पुण्यात सुखात्मे यांचे निधन झाले. दांडेकर त्यांच्या आधी, १९९५ साली गेले होते. वाद मात्र संपला नाही. रेषा कोठे ओढायची हा प्रश्न आज आपल्या जिल्ह्यात अंगणवाडीच्या काट्यावर येऊन बसला आहे.

मेळघाटची बातमी १९९३ साली देशभर गेली. धारणी आणि चिखलदरा तालुक्यांत कोरकूंची मुले कुपोषणाने मरत होती. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, योजना आल्या, पथके आली. तेव्हापासून मुलांची श्रेणी हा शब्द सरकारी कागदांत रुळला. पण श्रेणी कोणत्या मोजपट्टीने? आधी एक मोजपट्टी होती, २००६ साली जागतिक आरोग्य संघटनेने दुसरी दिली आणि काही वर्षांत ती आपल्या अंगणवाड्यांत आली. मूल तेच, वजन तेच, पण पट्टी बदलल्यावर कोणी आत आले, कोणी बाहेर गेले. आता सॅम आणि मॅम म्हणतात. उंचीच्या मानाने वजन निरोगी मुलांच्या मधल्या मापापेक्षा तीन पायऱ्या खाली असेल तर सॅम, म्हणजे तीव्र कुपोषित. या पायरीला संख्याशास्त्रात प्रमाण विचलन म्हणतात. सुखात्मे यांनी मोठ्यांच्या भुकेची रेषा ओढली तीही याच पायऱ्या मोजून, दोन पायऱ्या खाली. दंडाचा घेर साडेअकरा सेंटीमीटरच्या आत असला तरी मूल सॅम धरतात.

आणि पट्टी कोणतीही असो, काटा खरा बोलला पाहिजे. काही वर्षांपूर्वी आम्ही समाजकार्याच्या निमित्ताने एका गावी अंगणवाडीचे वजन रजिस्टर पाहिले. गावाचे नाव लिहीत नाही. सगळ्या मुलांची वजने दर महिन्याला नेमाने दोनशे ग्रॅमने वाढत होती. ताप नाही, हगवण नाही, पावसाळा नाही. शाई एक, अक्षराचा उतार एक. आम्ही कारकून, एका बैठकीत लिहिलेले रजिस्टर आम्ही ओळखतो. संख्याशास्त्र शिकलेल्याने ते आमच्याहूनही आधी ओळखले असते, कारण खऱ्या वजनांचा शेवटचा आकडा कधी तीन असतो, कधी सात, कधी आठ. मनाने लिहिलेल्या वजनांचा शेवट शून्यावर आणि पाचावर गोळा होतो. जनगणनेत वयांचेही असेच होते. आपली आजी कधी त्रेपन्न वर्षांची नसते, ती पन्नासची असते नाही तर साठची. त्या बिचाऱ्या सेविकेला आम्ही दोष देणार नाही. तिचा काटा महिनोन्महिने बंद होता आणि तक्ता वर पाठवण्याची तारीख मात्र ठरलेली होती. पण त्या रजिस्टरात एकही मूल आजारी पडले नाही, म्हणून एकाही मुलाला डॉक्टर आला नाही.

मृत्यूच्या नोंदींचेही तसेच. या शतकाच्या सुरुवातीला गडचिरोलीचे बंग दाम्पत्य आणि राज्यातल्या इतर संस्थांनी मिळून बालमृत्यू घरोघर जाऊन मोजले. तो अहवाल 'कोवळी पानगळ' या नावाने प्रसिद्ध आहे. सरकारी नोंदींपेक्षा प्रत्यक्ष मृत्यू कितीतरी अधिक निघाले. कित्येक बाळे कागदावर जन्मलीच नव्हती, मग ती मरणार कशी?

ताईंच्या मुलीला आम्ही इतके सांगू, की या कामाला माणसे हवी आहेत आणि ती आपल्या खेड्यापाड्यांतून गेलेली हवी आहेत. मुंबईला देवनार येथे १९५६ साली सुरू झालेली लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी हिच्याच देखरेखीखाली १९९२-९३ पासून होत आली आहे. महाराष्ट्रात पाच वर्षांखालची शंभरातली सुमारे पस्तीस मुले वयाच्या मानाने खुजी आहेत, हा २०१९-२१ च्या पाहणीतला आकडा त्याच मालिकेतला. तेथे जैवसंख्याशास्त्राचा एम.एस्सी. अभ्यासक्रम चालवला गेला आहे. प्रवेशाच्या अटी आणि शिष्यवृत्ती दरवर्षी जाहिरात पाहूनच खात्री करावी. घराजवळ राहायचे असेल तर अकोल्याच्या पंजाबराव कृषी विद्यापीठात संख्याशास्त्राचा विभाग आहे आणि अमरावती विद्यापीठातही हा विषय शिकवतात. गणित पक्के हवे आणि संगणक चालवता यायला हवा. इंग्रजीची धास्ती घेऊ नये, ती सरावाने जाते.

आणि तेथे गेल्यावर तिला कोणता प्रश्न हाती घेता येईल, तेही सांगतो. विज्ञानवर्धिनीलाच १९९२ पासून आघारकर संशोधन संस्था म्हणतात. तेथल्या शोभा राव आणि पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. याज्ञिक यांनी १९९३ नंतर पुणे परिसरातल्या सहा गावांत गरोदर बायांचा अभ्यास केला. त्या खेड्यांत जन्मणारी बाळे सरासरी सुमारे २.७ किलोची, इंग्लंडातली साडेतीनची. आपल्या बाळांत स्नायू कमी, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून राहिलेली. हीच हडकुळी दिसणारी बाळे मोठेपणी मधुमेहाकडे झुकतात असे डॉ. याज्ञिक सांगत आले आहेत. शरीराने केलेल्या काटकसरीचे बिल चाळीस वर्षांनी येते, ते असे. २००१ साली शोभा राव यांनी प्रसिद्ध केले की आईच्या खाण्यातल्या एकूण उष्मांकांशी बाळाच्या वजनाचा फारसा संबंध दिसला नाही. हिरवी पालेभाजी, फळे आणि दूध यांच्याशी दिसला. अंबाडी, मेथी, पालक, जे आपल्या परसात येते तेच.

संबंध दिसला म्हणजे कारण सिद्ध झाले असे नाही, म्हणून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत डॉ. पोतदार यांनी साडेसहा हजारांवर बायांना घेऊन प्रयोग केला. चिठ्ठ्या टाकल्यासारखीच निवड. काहींना रोज पालेभाजी, फळे आणि दुधाचा खाऊ, काहींना साधा खाऊ. २०१४ साली निकाल आला. सगळ्या बायांचा एकत्र हिशेब केला तर बाळांच्या वजनात खात्रीने सांगावा असा फरक नव्हता. दिवस जाण्याच्या तीन महिने आधीपासून खाऊ घेणाऱ्यांच्या बाळांत सुमारे पन्नास ग्रॅमचा फरक होता. पण तो मुख्यतः अंगाने बऱ्या असलेल्या आयांच्या बाळांत. ज्या बाया सर्वांत कृश होत्या, त्यांच्या बाळांचे वजन वाढले नाही. कोठे गेला तो खाऊ? त्यांच्याच झिजलेल्या अंगाने घेतला की कामात जळला, याचे पक्के उत्तर अजून मिळायचे आहे.